एक्स्पंज झालेली अटक, तीन प्रवेशपत्रे आणि 1 मेची मुदत

एडिसनहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पुण्यात जन्मलेला, तिसरीपासून न्यू जर्सीत शिकलेला आणि आता बारावीत आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, अठरा पूर्ण होऊन पाच आठवडे झाले असताना, मॉलमधल्या एका दुकानातून 140 डॉलरचे हेडफोन पैसे न देता घेऊन बाहेर पडताना त्याला पकडले. पोलिसांनी ठाण्यावर नेऊन बोटांचे ठसे घेतले आणि तक्रार नोंदवली. नोव्हेंबरात म्युनिसिपल कोर्टात प्रकरण रद्द झाले आणि पुढे सुपीरियर कोर्टाने नोंद एक्स्पंज करण्याचा आदेश दिला. आता कॉम्प्युटर सायन्ससाठी न्यू जर्सीचे सरकारी विद्यापीठ रटगर्स, इंडियानातले पर्ड्यू आणि बॉस्टनजवळचे एक खासगी कॉलेज अशी तीन प्रवेशपत्रे हाती आहेत. वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मुलगा त्याच्या आधाराने मिळणाऱ्या एच-फोरवर, ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत. घरात दोन तट पडले आहेत. मामा म्हणतात, दुसऱ्या राज्यात पाठवा, तिथे कोणाला कळायची सोय नाही. वडिलांचे मित्र म्हणतात, ज्या राज्याच्या कोर्टाने नोंद पुसली त्या राज्यातच संरक्षण मिळते, तेव्हा सीमा ओलांडूच नका.

ताई, दोघांचाही हेतू चांगला आहे आणि दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे. मी बावीस वर्षे मध्य न्यू जर्सीत वकिली करते. म्युनिसिपल कोर्टातली लहान प्रकरणे आणि त्यांच्या नोंदी पुसून घेणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगते की कॉलेज राज्यातले की राज्याबाहेरचे, याचा एक्स्पंज झालेल्या अटकेशी फारच थोडा संबंध येतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत खरा संबंध आहे तो इमिग्रेशनच्या कागदांशी, आणि ते कागद रटगर्सच्या न्यू ब्रन्सविकमध्ये बसून भरले काय किंवा पर्ड्यूच्या वेस्ट लाफायेटमध्ये बसून भरले काय, त्यातले प्रश्न तेच राहतात.

प्रथम एक्स्पंज म्हणजे नेमके काय झाले ते पाहू, कारण आपल्याकडे या शब्दाचा अर्थ कोणी ‘कागद जाळले’ असा घेतो तर कोणी ‘माफी मिळाली’ असा. न्यू जर्सीच्या कायद्यात या दोन्हीपैकी काहीच होत नाही. कोर्ट, पोलीस आणि तुरुंग प्रशासनाकडच्या नोंदी बाजूला काढून बंदिस्त ठेवल्या जातात आणि त्या कोणालाही दाखवायला मनाई होते. नोंद एक्स्पंज झाल्याचे माहीत असूनही ती उघड करणे हा स्वतंत्र अपराध आहे, त्याला 200 डॉलरपर्यंत दंड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अटक आणि तिच्याशी संबंधित कारवाई ‘घडलीच नाही’ असे कायदा मानतो आणि तसे उत्तर देण्याचा हक्क त्या माणसाला देतो. अपवाद मोजके आहेत: पोलीस, तुरुंग विभाग किंवा न्यायालयीन सेवेत नोकरी मागताना मात्र सांगावेच लागते. कॉलेज या अपवादांत नाही. तेव्हा ‘कधी अटक झाली होती का’ या कॉलेजच्या प्रश्नाला तुमच्या मुलाने ‘नाही’ म्हटले तर ते खोटे बोलणे नव्हे. हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे, कारण आपल्या घरांमध्ये याच एका वाक्यावर रात्र रात्र झोप लागत नाही.

आता वडिलांच्या मित्रांचा मुद्दा. न्यू जर्सीचा आदेश इंडियानात चालतो का? कॉलेजला काय उत्तर द्यायचे हे सर्वसाधारणपणे ज्या राज्यात अटक झाली त्या राज्याच्या कायद्यावर ठरते, कॉलेज कुठे आहे त्यावर नाही. एक्स्पंज हा एकच शब्द प्रत्येक राज्यात वेगळ्या पल्ल्याचा असतो, हे मात्र खरे. कॅलिफोर्नियात शिक्षा झालेल्यांच्या बाबतीत लोक ज्याला एक्स्पंज म्हणतात, ते दंड संहितेच्या कलम 1203.4 खालचे केवळ प्रकरण रद्द करणे असते. नोंद तशीच दिसत राहते आणि सरकारी परवान्याच्या अर्जात थेट विचारल्यास ती सांगावी लागते. फ्लोरिडाच्या कायद्यात अपवादांची लांबलचक यादी आहे. तिथे नोंद पुसली गेली असली तरी वकिलीची सनद किंवा शाळेतली नोकरी मागताना अटक नाकारता येत नाही. पेनसिल्व्हेनियात एक्स्पंज वेगळे आणि 2018 च्या ‘क्लीन स्लेट’ कायद्याखाली आपोआप सील होणे, म्हणजे नोंद राहूनही सर्वसामान्यांना न दिसणे, वेगळे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना आपल्या मुलाची नोंद सील झाली की एक्स्पंज झाली हेच माहीत नसते. सुदैवाने तुमच्या मुलाची अटक न्यू जर्सीत झाली आहे आणि या राज्याचा कायदा या बाबतीत उदार आहे. हीच घटना ऑर्लॅंडोच्या सहलीत घडली असती तर माझे उत्तर इतके सरळ नसते, मग मुलगा घराजवळच्या कॉलेजात का जाईना.

कॉलेजे विचारतात तरी काय? 2006 पासून कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करण्याच्या सोयीच्या, सर्वांसाठीच्या भागात गुन्ह्याविषयी एक प्रश्न असे. त्या प्रश्नातही दोषी ठरला होता का एवढेच विचारलेले असे, नुसत्या अटकेविषयी नाही, आणि एक्स्पंज किंवा सील झालेली बाब सांगण्याची गरज नाही असे त्याच्याखालीच छापलेले असे. 2019-20 च्या हंगामापासून तो प्रश्न त्या भागातून काढून टाकला. प्रत्येक कॉलेजला आपल्या पुरवणी अर्जात तो विचारण्याची मुभा मात्र राहिली. काही राज्यांनी सरकारी कॉलेजांना अर्जाच्या पहिल्या टप्प्यावर असे विचारायलाच बंदी केली: लुइझियाना 2017 मध्ये सर्वांत आधी, मग राज्यपालांचा नकाराधिकार मोडून मेरीलँड, 2018 मध्ये वॉशिंग्टन, 2019 मध्ये कोलोराडो, 2020 मध्ये कॅलिफोर्निया. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी 2016 मध्ये आपणहून तो प्रश्न काढण्याचे ठरवले. त्यामागे एक अभ्यास होता. 2015 मधल्या त्या पाहणीत असे दिसले की गंभीर गुन्ह्याच्या रकान्यात ‘हो’ लिहिणाऱ्यांपैकी 62.5 टक्के अर्जदारांनी अर्ज पुराच केला नाही. म्हणजे कॉलेजने नाकारण्यापूर्वीच, पुढची कागदपत्रे मागितल्यावर, पोरे गळून पडत होती. राज्याबाहेरच्या कॉलेजाची भीती घालणाऱ्यांनी ही यादी पाहावी. त्यात राज्ये पुढारलेली किंवा मागासलेली दिसतील, पण आतले आणि बाहेरचे असा भेद कुठेच दिसणार नाही.

तुमच्या मुलाचे प्रवेश झालेले आहेत, त्यामुळे अर्जाचा टप्पा मागे पडला. पण प्रवेश घेतल्यावर वसतिगृहाचा अर्ज, नावनोंदणीचा अर्ज, काही ठिकाणी परदेशी शिक्षणाच्या सत्राचा अर्ज, असे कागद येत राहतात आणि त्यांत पुन्हा असे प्रश्न डोकावतात. तेव्हा प्रत्येक वेळी प्रश्नाचे शब्द वाचायचे. ‘दोषी ठरला होतात का’ हा एक प्रश्न आहे, ‘अटक किंवा आरोप झाला होता का’ हा दुसरा, आणि ‘एक्स्पंज किंवा सील झालेल्या प्रकरणांसह सर्व सांगा’ हा तिसरा. पहिल्या दोहोंना तुमच्या मुलाचे उत्तर एकच आहे. तिसरा प्रश्न कॉलेजात क्वचितच दिसतो, पण दिसलाच तर स्वतःच्या मनाने काही न लिहिता तो कागद जसाच्या तसा तुमच्या वकिलाला पाठवावा.

इथे एक खाचखळगा आहे, जो वकिलांच्याही लक्षात राहत नाही. एक्स्पंजचा आदेश कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदींना लागू होतो. शाळेच्या शिस्तभंगाच्या नोंदीला नाही. मॉलमधल्या प्रकाराबद्दल शाळेने मुलाला काही दिवस घरी बसवले असेल किंवा संघातून काढले असेल आणि कॉलेजने ‘शाळेने तुमच्यावर कधी कारवाई केली का’ असे विचारले असेल, तर त्याचे उत्तर शाळेत जे घडले त्याप्रमाणेच द्यायचे. तुमच्या पत्रात शाळेचा उल्लेख नाही आणि घटना सुटीतली आहे, त्यामुळे बहुधा हा प्रश्न उद्भवणार नाही. तरी शाळेच्या काउन्सेलरना एकदा विचारून घ्या की त्यांच्या फायलीत काही आहे का. फक्त विचारा, घटनेची हकिगत सांगत बसू नका.

कारण आपल्या लोकांची दुसरी चूक हीच असते. दुधाने तोंड पोळले की आपण ताक फुंकून पितो, आणि मग कोणी न विचारताच सगळे ओकून टाकतो. मुलाकडून ‘माझ्या चुकीने मला काय शिकवले’ असा निबंध लिहून घेणारे पालक मी पाहिले आहेत. हेतू प्रामाणिक असतो, पण कोर्टाने जे बंदिस्त केले ते आपणच आपल्या हाताने कॉलेजच्या फायलीत लावतो, आणि त्या फायलीला कोणताही एक्स्पंज आदेश लागू नसतो. ज्याने विचारले नाही त्याला सांगू नये. यात लबाडी नाही. कायद्याने दिलेला हक्क आपण पाळतो इतकेच.

अभ्यासक्रमाचा मुद्दा तुमच्या बाबतीत हलका आहे, म्हणून थोडक्यात. नर्सिंग, शिक्षकी किंवा समाजकार्य शिकणाऱ्यांना रुग्णालयात किंवा शाळेत प्रत्यक्ष कामाला पाठवताना पार्श्वभूमी तपासतात आणि पुढे परवाना मंडळे आपापल्या शब्दांत प्रश्न विचारतात; कायदा शिकणाऱ्यांना सनद देताना अनेक राज्ये एक्स्पंज झालेलेही मागतात. त्या मुलांनी शिक्षण कुठे घ्यायचे यापेक्षा परवाना कोणत्या राज्यात घ्यायचा याचा विचार आधी करावा. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाला याची झळ एकाच ठिकाणी लागू शकते: पुढे नागरिकत्व मिळवून संरक्षण क्षेत्रात सिक्युरिटी क्लिअरन्सचे, म्हणजे सरकारी तपासणीनंतरच मिळणारे गोपनीय काम करायचे ठरवले, तर त्या फॉर्ममध्ये ठरावीक वर्षांतली एक्स्पंज झालेली अटकही लिहावी लागते. ते अजून फार लांब आहे.

आता मूळ दुखण्याकडे येते.

राज्याच्या कोर्टाने जे पुसले ते संघराज्याच्या इमिग्रेशन खात्याने पुसलेले मानायचे नसते, अशी या देशाची रीत आहे. ग्रीन कार्डच्या आय-485 अर्जात तुम्हाला कधीही, कोणत्याही कारणाने अटक झाली का असे विचारतात, आणि नोंद सील किंवा एक्स्पंज झालेली असली तरी ‘हो’ लिहा असे तिथेच बजावलेले असते. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जाची सूचना तर माझ्या धंद्यावरच बोट ठेवते: न्यायाधीशाने, पोलिसाने किंवा वकिलाने ‘आता तुमची काही नोंद राहिलेली नाही’ असे सांगितलेले असले तरीही उत्तर द्या. व्हिसासाठीच्या डीएस-160 मध्येही माफी किंवा तत्सम काही मिळाले असले तरी अटक सांगायची असते. म्हणजे तोच मुलगा कॉलेजला कायदेशीरपणे ‘नाही’ म्हणेल आणि मुंबईच्या वकिलातीत, बीकेसीच्या खिडकीवर, ‘हो’ म्हणेल. दोन्ही उत्तरे खरी आहेत. हे पटवायला मला प्रत्येक कुटुंबाबरोबर अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास घालवल्याशिवाय मी कोणाला दाराबाहेर जाऊ देत नाही.

लपवता येईल का, असेही काहीजण हळूच विचारतात. येणार नाही. न्यू जर्सीत शॉपलिफ्टिंग 200 डॉलरच्या आतले असले तर ते ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स’ वर्गातले मानले जाते. त्याला तांत्रिकदृष्ट्या क्राइमसुद्धा म्हणत नाहीत आणि कमाल शिक्षा सहा महिन्यांची असते. पण अशा लहान प्रकरणांतही ज्या मोजक्या आरोपांत बोटांचे ठसे घेण्याची सक्ती आहे, त्यांत शॉपलिफ्टिंग आहे. ठसे एकदा संघराज्याच्या यंत्रणेत गेले की ते तिथून कधी निघतात, निघतात की नाही, यावर आपला ताबा नसतो. 2025 च्या वसंतात सरकारने विद्यार्थ्यांची नावे राष्ट्रीय गुन्हे माहितीसंग्रहात ताडून हजारो जणांच्या सेव्हिस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या नोंदी) एकाएकी बंद केल्या, तेव्हा त्यांत रद्द झालेली आणि अगदी किरकोळ प्रकरणे असलेली मुलेही सापडली. देशभर दावे दाखल झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्या नोंदी पूर्ववत करण्याचे सरकारने कोर्टात कबूल केले. त्या आठवड्यांत मला रात्री अकरा-अकराला फोन येत होते.

तुमचा मुलगा आज एच-फोरवर असल्याने सेव्हिसमध्ये नाही. पण भारतीयांची रांग पाहता त्याला एकवीस पूर्ण होऊन एच-फोरची वयोमर्यादा संपेपर्यंत ग्रीन कार्ड येण्याची आशा धरू नये. कॉलेजचे तिसरे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास तो एच-फोरमधून बाहेर पडेल आणि बहुधा एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घेईल. त्या वेळी हा प्रश्न प्रथम अंगावर येईल. म्हणूनच कॉलेज निवडताना मी तुम्हाला सीमेऐवजी एक वेगळी गोष्ट पाहायला सांगेन: आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे कार्यालय किती मोठे आणि किती अनुभवी आहे. रटगर्स आणि पर्ड्यू या दोन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि तिथल्या लोकांनी असे प्रसंग पाहिलेले आहेत. बॉस्टनजवळचे तुमचे कॉलेज लहान असेल तर त्या कार्यालयात किती माणसे आहेत हे फोन करून विचारा. एकच व्यक्ती असेल आणि ती जूनमध्ये सुटीवर जात असेल, तर ते ध्यानात घेण्यासारखे आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे मला खटकले: ‘प्रकरण रद्द झाले.’ कसे रद्द झाले? न्यू जर्सीत 2014 पासून ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सोय आहे. पहिल्याच खेपेला सापडलेल्या माणसाला म्युनिसिपल कोर्ट वर्षभर देखरेखीखाली ठेवते आणि मुदत नीट पार पडली की प्रकरण रद्द करते. राज्याच्या दृष्टीने छानच. पण त्या सोयीत शिरण्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा दोषी ठरावे लागते, आणि इमिग्रेशन कायद्याच्या व्याख्येत कबुली अधिक कोर्टाने घातलेले बंधन म्हणजे शिक्षा झालीच. मग राज्याने ते रद्द करो, पुसो, काही करो. तुमचे प्रकरण तीन महिन्यांत संपले आहे, त्यावरून ते या वाटेने गेले नसावे. सरकारी वकिलांनी आपणहून मागे घेतले असावे आणि कबुली दिली गेली नसावी. तसे असेल तर तुमच्याकडे केवळ ‘अटक’ आहे, ‘शिक्षा’ नाही, आणि ते पुष्कळच सोपे आहे. पण तर्कावर विसंबू नका, निकालाचा कागद काढून वाचा. कबुली असेल तर शॉपलिफ्टिंग हे इमिग्रेशनच्या भाषेत नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात मोडते. पहिल्या, लहान शिक्षेच्या प्रकरणाला किरकोळ गुन्ह्याचा अपवाद बहुधा मिळतो, पण तो एकदाच. दुसरे प्रकरण झाले की ती ढाल गेली.

कागदाविषयी एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या मुलीचे असेच प्रकरण होते. नोंद एक्स्पंज झाल्यावर वडिलांनी घरातले सगळे कागद श्रेडरमध्ये घातले. या गोष्टीची सावलीसुद्धा घरात नको, असे ते म्हणाले. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी मुलीने अटक प्रामाणिकपणे लिहिली आणि अधिकाऱ्याने निकालाची प्रमाणित प्रत मागितली. कोर्टाच्या खिडकीवर गेलो तर एका ओळीचे पत्र मिळाले: अशी कोणतीही नोंद आढळली नाही. कारकुनाचे काहीच चुकले नव्हते, त्याला कायद्याने तसेच सांगायचे होते. पण अधिकाऱ्याच्या टेबलावर एकीकडे ‘हो, अटक झाली होती’ आणि दुसरीकडे ‘नोंद नाही’ असे दोन कागद, आणि त्या दोहोंमध्ये नेमके काय घडले हे सांगणारा तिसरा कागद नाही. सुपीरियर कोर्टाकडे बंदिस्त नोंद पाहण्यासाठी कारणे देऊन वेगळा अर्ज केला, तो मंजूर होऊन प्रत हाती पडेपर्यंत सात महिने गेले. मुलगी तोवर इंटर्नशिप सोडून घरी बसली होती.

तेव्हा आज संध्याकाळी फाइल उघडून पाहा. मूळ तक्रार, प्रकरण रद्द झाल्याची कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत, पोलिसांचा अहवाल आणि एक्स्पंजचा आदेश, हे चार कागद हवेत. झेरॉक्स चालत नाही. शिक्का बोटाला लागला पाहिजे. तुमच्या वकिलांनी नोंद पुसण्याआधी प्रमाणित प्रती काढून ठेवल्या असतील, त्यांच्याकडून मागून घ्या.

आदेश निघाला म्हणजे नोंद पुसली गेली, असेही समजू नका. आदेश संबंधित खात्यांना बजावला जातो आणि मग प्रत्येक खात्याला आपापली नोंद बाजूला काढावी लागते. न्यू जर्सीत हे काम एवढे तुंबले होते की 2023 मध्ये राज्याच्या सार्वजनिक बचाव कार्यालयाने (गरीब आरोपींना वकील देणाऱ्या) राज्य पोलिसांवर त्यासाठी दावा लावला. म्हणून आदेशानंतर काही महिन्यांनी मुलाच्या बोटांचे ठसे देऊन राज्य पोलिसांकडून त्याची स्वतःची नोंद मागवा, आणि एफबीआयकडूनही मागवा. एफबीआयचे शुल्क 18 डॉलर आहे. दोन्ही ठिकाणी कोरा निकाल आला की खासगी कंपन्यांचा प्रश्न उरतो. इंटर्नशिप देणारे पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांकडून अहवाल घेतात आणि त्या कंपन्यांच्या संग्रहात जुनी माहिती पडून असू शकते. कामावर न घेण्याआधी त्या अहवालाची प्रत मुलाला देणे मालकाला बंधनकारक आहे, आणि आदेशाची प्रत जोडून हरकत घेतली की कंपनीला साधारण 30 दिवसांत फेरतपास करावा लागतो. मामांना हेही सांगा: या कंपन्या देशभर शोध घेतात. इंडियानात गेल्याने त्यांच्यापासून कोणी लपत नाही.

आता उरला खरा हिशेब, जो कुठल्याही मराठी घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर वहीत मांडला जातो. रटगर्सचे राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीचे वार्षिक शुल्क 2023-24 मध्ये 17 हजार डॉलरच्या आसपास होते. पर्ड्यूने 2013 पासून अनेक वर्षे शुल्क गोठवून ठेवले. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी ते 2023-24 मध्ये वर्षाला सुमारे 28,800 डॉलर होते. म्हणजे त्या दरांनी केवळ शुल्कात चार वर्षांचा फरक 45 हजारांच्या पुढे जातो, प्रवास वेगळा. पर्ड्यूचा अभियांत्रिकीतला लौकिक मोठा आहे आणि मुलाला तिथेच जायचे असेल तर हा फरक मोजण्यालायक आहे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. मात्र एक गोष्ट रटगर्सच्या रेसिडेन्सी कार्यालयाला आजच लेखी विचारा. तुम्ही लिहिता की त्याला राज्यातला रहिवासी म्हणून शुल्क लावले आहे. तो मध्येच एच-फोरवरून एफ-वनवर गेला तर ते तसेच राहील का? अनेक सरकारी विद्यापीठांत एफ-वनवाल्यांना रहिवासी धरत नाहीत. शेवटची दोन वर्षे बाहेरच्या दराने भरावी लागणार असतील, तर तुमच्या वहीतला फरक बराच आटतो. उत्तर ईमेलने घ्या, फोनवरचे नको.

आणि मुलाच्या स्वभावाचे काय, हे मी सहसा बोलत नाही, पण विचारलेत म्हणून सांगते. ज्या मुलाकडून एकदा चूक झाली आहे, त्याच्यासाठी पहिले वर्ष घरापासून वीस मिनिटांवर असणे काही घरांत उपकारक ठरते आणि काही घरांत काच होतो. तुमच्याकडे गेल्या सहा महिन्यांत जेवणाच्या टेबलावर रोज तोच विषय निघत असेल, तर माझ्या मते त्याला बाहेर जाऊ द्या. तसे नसेल तर रटगर्स. दोन्हीकडे त्याला एकच नियम कळला पाहिजे: शनिवारच्या पार्टीत एकविसाच्या आत बिअर पिताना हाती पडलेले साधे चलनसुद्धा त्याच्या बाबतीत साधे नसते, कारण इमिग्रेशनचे फॉर्म अटकेबरोबर चलनाविषयीही विचारतात.

1 मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि इथे अनामत भरण्याचा शेवटचा दिवस. त्याआधी कंडिशनल डिसमिसलचा उलगडा करून घ्या, कारण त्यावर इमिग्रेशन वकील लागणार की नाही हे ठरेल. तो वकील म्युनिसिपल कोर्टाच्या वकिलापेक्षा वेगळा असावा. माझ्यासकट आमच्यातले बरेचजण त्या कायद्यात वरवरचे पोहतात. रेसिडेन्सी कार्यालयाचे उत्तर येऊ द्या. मुलगा अठरा वर्षांचा आहे, म्हणून यापुढचे कागद त्याच्या नावाने येतील आणि सही त्याची असेल. फाइल कुठे आहे हे त्याला माहीत हवे. चारही कागदांचे तीन संच करा: एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक तुमच्या घरी, आणि एक त्याच्या बॅगेत, पासपोर्टच्या कव्हरमागे.